उमेदवारांचा तुलनातक्ता करायला घेण्याआधी

कोणता उमेदवार कोणत्या मुद्द्यावर काय म्हणतो, हे मतदारांपुढे शेजारी शेजारी मांडायचं असेल तर प्रचाराचा धुरळा उडायच्या आत कामाला लागा. सगळ्यात आधी ज्या पदाची निवडणूक आहे, त्या पदाचे अधिकार कागदावर लिहून काढा. त्या खुर्चीच्या हातात नसलेल्या गोष्टी विचारल्या की तक्ता भरतो, पण मतदाराच्या पदरात काही पडत नाही. मुद्दे चार मित्रांनी बसून ठरवू नका, मतदारांना विचारा. जर्मनीत २००२ पासून 'वाल-ओ-माट' नावाचं ऑनलाइन साधन चालतं, त्यात मतदार आपली मतं पक्षांच्या मतांशी ताडून पाहतो. त्यातली विधानं तयार करायला तज्ज्ञांबरोबर तरुण मतदारही बसवतात. मला ही पद्धत फार मोलाची वाटते.

खरा वेळ प्रश्नांना द्या. "शिक्षण सुधारायला हवं का?" असं विचारलं तर सगळेच हो म्हणणार. "बसचं तिकीट वाढू नये म्हणून गाड्यांचं पार्किंग शुल्क वाढवावं का?" इथे मात्र बाजू घ्यावी लागते, कारण एकाला दिलं की दुसऱ्याकडून घ्यावं लागतं. एका प्रश्नात दोन प्रश्न घुसडू नका. "रुग्णालयात खाटा वाढवाव्यात आणि औषधं मोफत द्यावीत का?" याला आलेला 'हो' नक्की कशाला आहे, हे कुणालाच सांगता येणार नाही. 'अन्यायकारक', 'बहुप्रतीक्षित' असली विशेषणं काढून टाका. मग तुमच्याशी राजकीय मतं अजिबात न जुळणाऱ्या माणसाला यादी वाचायला द्या. तो जिथे अडखळेल तिथे शब्द बदला. ही पायरी गाळलेली मला तरी चालणार नाही.

सगळ्यांना तेच प्रश्न, त्याच दिवशी, तीच मुदत आणि तीच शब्दमर्यादा. उत्तर लांबलं तर स्वतः कात्री लावू नका, उमेदवाराकडूनच आटोपशीर करून घ्या. मुदत संपायच्या दोन दिवस आधी सर्वांना आठवण करा. तरीही उत्तर आलं नाही तर त्याची जागा रिकामी ठेवून तिथे 'उत्तर आलं नाही' एवढंच लिहा. जुन्या भाषणांतून त्याचं मत तुम्ही जुळवायचं नाही. तो आधी निवडून आलेला असेल तर त्याने सभागृहात कसं मतदान केलं ते तारखेसह वेगळ्या रकान्यात द्या, उत्तरात मिसळू नका.

नावांचा क्रम अक्षरानुसार किंवा चिठ्ठ्या टाकून लावा. लहान पक्ष आणि अपक्ष वगळू नका. वाल-ओ-माटमध्ये एका वेळी आठच पक्षांची तुलना करता येत होती, म्हणून २०१९च्या युरोपीय निवडणुकीआधी कोलोनच्या न्यायालयाने ते काही दिवस थांबवलं होतं. मतदाराची मतं कोणाशी किती जुळतात याची टक्केवारी देणार असाल तर मतदाराला आपल्या महत्त्वाच्या मुद्द्याला जास्त वजन देता आलं पाहिजे, आणि हिशोब कसा केला ते तिथेच लिहिलेलं हवं. माझं मत विचाराल तर टक्केवारीपेक्षा उमेदवाराचे स्वतःचे शब्द पुढे ठेवा.

छापायच्या आदल्या दिवशी दोघं बसा. एकाने मूळ ईमेलमधलं उत्तर मोठ्याने वाचायचं, दुसऱ्याने तक्त्यावर बोट ठेवून ताडून पाहायचं. 'नाही' हा एक शब्द गळला तरी उमेदवार उलट्या बाजूला जाऊन बसतो.