कुंडीत अंजीर लावायचंय? आधी पाण्याचा हात आवरा

माझ्या हातून आत्तापर्यंत अंजिराच्या अकरा काड्या मेल्यात. नऊ जास्त पाण्याने, एक शेजारच्या कुत्र्याने उकरली म्हणून आणि एक मी रोज उपटून बघत होते मुळं फुटली का म्हणून. तर हे काही एक्सपर्टचं ज्ञान नाही, बडोद्याच्या अगाशीवर चार कुंड्यांत अंजीर जगवलेल्या बाईचं सांगणं आहे.

सुरुवात उत्तरायणाला, म्हणजे आपल्या संक्रांतीला झाली. मावशीने सासवडहून दिलेलं एकुलतं एक रोप होतं, अगाशीवर सगळी पोरं पतंग उडवत होती, कुणाचा तरी मांजा फांदीत अडकला आणि ओढाओढीत फांदी कडकन मोडली. मी इतकी चिडले की उंधियूसुद्धा धड गेला नाही. मग घरी फोन केला तर मावशी म्हणाली अगं रडतेस काय, काड्या लावायचे हेच दिवस आहेत, तुकडे कर आणि लाव. खरंच, डिसेंबर ते फेब्रुवारी झाड झोपेत असतं, पानं गळलेली असतात, तेव्हाची काडी चांगली लागते.

काडी कशी घ्यायची ते नीट सांगते कारण इथेच सगळं ठरतं. मागच्या वर्षी वाढलेली, पेन्सिलएवढी किंवा थोडी जाड, वीतभर लांब, चार-पाच डोळे (जिथून पालवी फुटते ते फुगीर ठिपके) असलेली. हिरवी कोवळी नको, ती कुजते. खालचा काप डोळ्याच्या लगेच खाली तिरका, वरचा सरळ, म्हणजे उलटी लागायची भीती नाही (हसू नका, मी लावलीये उलटी). कापल्यावर पांढरा चीक येतो तो धुवून काडी एक दिवस सावलीत तशीच पडू दे. मग अर्धी रेती अर्धं कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) अशा मिश्रणात दोन डोळे खाली दोन वर राहतील अशी खोचायची. मी कोल्ड्रिंकच्या पारदर्शक बाटल्या अर्ध्या कापून घेते, बुडाला भोकं पाडते आणि बाहेरून काळा कागद गुंडाळते, कागद सरकवला की मुळं दिसतात, उपटायची खाज आपोआप मिटते.

आता पाणी. लावताना एकदा चांगलं, आणि मग बोट दोन पेरं आत घालून कोरडं लागलं तरच. मिश्रण मुठीत दाबलं तर गोळा व्हावा पण पाणी टपकू नये, एवढी ओल बास. ऊन थेट नको. वरती दोन हिरवी पानं फुटली की आपण नाचतो, पण ती काडीच्या आतल्या साठ्यावर फुटलेली असतात, मूळ असेलच असं नाही, नेमकं तेव्हाच जास्त पाणी घालून माझ्या नऊच्या नऊ गेल्या. साधारण महिना-दीड महिना लागतो, बाटलीच्या कडेला पांढरी मुळं भरपूर दिसली की मगच मोठ्या पिशवीत.

तयार रोप घेणार असाल तर पान बघून घ्या. मला एका नर्सरीवाल्याने अंजीर म्हणून चक्क उंबर दिला होता, वर्षभर मी त्याला लाडाने वाढवलं! अंजिराचं पान हाताच्या पंज्यासारखं तीन-पाच भागांत कापलेलं आणि हाताला पॉलिश पेपरसारखं खरखरीत, उंबराचं साधं आणि गुळगुळीत. जातीत विचाराल तर पूना अंजीर मिळाली तर डोळे मिटून घ्या, पुरंदरचं जे अंजीर आहे, ज्याला 2016 मध्ये जीआय टॅग (भौगोलिक मानांकन) मिळाला, त्याच घराण्यातली. डायना पण छान, फळ मोठं असतं. ड्रायफ्रूटवाल्याकडच्या सुक्या अंजिराचं बी पेरू का असं मला कायम विचारतात. उगवेलही, पण त्यातली बरीच झाडं फळ धरत नाहीत, तीन-चार वर्षं कुंडी अडवून ठेवण्यात अर्थ नाही.

याचं कारण मजेशीर आहे. अंजीर म्हणजे आपल्या औदुंबराचा चुलतभाऊ, उंबराचं फूल कुणाला दिसत नाही म्हणतो ना आपण, तसंच याचं, फुलं सगळी फळाच्या आत दडलेली. काही जातींना फळ धरायला एक बारीक चिलट आत शिरावं लागतं आणि बाहेरून येणाऱ्या सुक्या अंजिरात त्या जाती बऱ्याच असतात, ते चिलट आपल्या अगाशीवर कुठून आणणार. पूना किंवा डायनाला त्याची गरजच नाही, एकटं झाड असलं तरी फळ धरतं. आणि हो, त्यामुळे घरच्या अंजिरात किडे असतात का ही काळजी पण नको.

कुंडी पहिल्या वर्षी दहा इंची, मग थेट अठरा-वीस इंची, भोकं मोठी हवीत. आपल्या इकडची काळी माती नुसती वापरू नका, पावसाळ्यात चिखल आणि उन्हाळ्यात दगड होते. मी दोन घमेली माती, एक घमेलं जुनं शेणखत, एक घमेलं रेती आणि दोन मुठी निंबोळी पेंड घेते, तळाशी विटांचे तुकडे. एरंडीची पेंड इकडे मुबलक मिळते आणि खत म्हणून चांगली आहे पण कुत्रं असलेल्या घरात अजिबात नको, वासाने उकरून खातात आणि ती विषारी असते. शेजारच्या कुत्र्याचं तेच झालं, डॉक्टरकडे पळावं लागलं, वाचला बिचारा, पण त्या बेन माझ्याशी महिनाभर बोलत नव्हत्या.

ऊन सहा-आठ तास हवंच, बाल्कनीत दोन तास येत असेल तर नुसती पानं बघत बसाल. मात्र मे महिन्यात गच्चीची फरशी तापते आणि प्लॅस्टिकच्या कुंडीत मुळं शिजतात, म्हणून कुंडी दोन विटांवर ठेवायची, भोवती ओलं कंतान, वर सुक्या पानांचा थर. त्या दिवसांत सकाळी रोज पाणी. इथे हात आखडू नका, फळं लटकत असताना झाड एकदा कोरडं पडलं की फळं गळतात, आणि मग घाईने भसाभस पाणी घातलं की उरलेली तडकतात.

पावसाळ्यात उलट. 2024 च्या ऑगस्टमध्ये इथल्या विश्वामित्री नदीचं पाणी आमच्या सोसायटीत शिरलं तेव्हा खाली अंगणातलं मोठं झाड दोन दिवस पाण्यात उभं होतं, उतरल्यावर आठवड्यात पानं पिवळी, महिन्यात खोड मऊ. अगाशीवरच्यांना काहीही झालं नाही. तर जमिनीत लावायचं असेल तर उंचवट्यावर लावा. पावसात पानांच्या मागे तपकिरी पुरळ येतो तो तांबेरा, ती पानं तोडून कचऱ्यात टाका, कंपोस्टमध्ये नको, आणि पाऊस लागायच्या आधी एक टक्का बोर्डो मिश्रण (मोरचूद आणि चुन्याचं बुरशीनाशक) मारलं तर बराच त्रास वाचतो. खोडाशी लाकडाचा भुसा पडलेला दिसला तर आत भिरूड, म्हणजे खोड पोखरणारी अळी आहे, तार घालून काढा, लाजू नका.

आता नवशिक्यांची सगळ्यात मोठी चूक. थंडीत पानं गळून नुसता सांगाडा उरतो आणि लोक मेलं म्हणून एक तर फेकतात, नाहीतर जगवायला बादलीभर पाणी ओततात. आमच्या सासूबाईंनी एक कुंडी माळ्याला देऊन पण टाकली होती, फाटकातून परत आणली. नखाने खोडाची साल जराशी खरवडा. पोपटी हिरवं आणि ओलसर दिसलं तर झाड ठणठणीत आहे, झोपू द्या, आठ-दहा दिवसांनी थोडं पाणी. तपकिरी कोरडं निघालं तर थोडं खाली खरवडा, फांदी मेलेली असते पण बुंधा जिवंत असतो असं बऱ्याचदा होतं.

छाटणी मी उत्तरायण झालं की करते. फळं नवीन फुटव्यावर, पानाच्या बगलेत येतात, त्यामुळे छाटायला जीव धजावला नाही तर फळंही बेताचीच. झाड दोन फुटांचं झालं की शेंडा खुडायचा, तीन-चार फांद्या ठेवायच्या, दर वर्षी त्या अर्ध्यावर आणायच्या. पूर्ण बाह्यांचा शर्ट घाला, तो चीक लागून ऊन पडलं तर कातडी भाजते, माझ्या हातावर दोन महिने डाग होते. छाटल्यावर दोन ओंजळी शेणखत, मूठभर राख. युरिया नको, पानं हत्तीच्या कानाएवढी होतील आणि फळ एक नाही.

जानेवारीत छाटलं की मे-जूनमध्ये फळं तयार होतात, पावसाच्या आत. पुरंदरचे शेतकरी उन्हाळ्यातल्या फळाला मीठा बहार आणि पावसाळ्यातल्याला खट्टा बहार म्हणतात, का ते एकदा दोन्ही खाल्लं की कळतं, पावसातलं पाणचट असतं. पोपट आणि खारींना मात्र आपल्या आधी बातमी लागते, तर लग्नात ड्रायफ्रूट देतात त्या जाळीच्या पोटल्या जमवून ठेवा आणि प्रत्येक फळाला बांधा.

घाईने तोडू नका, अंजीर तोडल्यावर घरात पिकत नाही. ताठ उभं असलेलं फळ एके दिवशी मान टाकतं, अंग मऊ पडतं, सालीवर बारीक चिरा येतात, कधी फळाच्या बुडाशी असलेल्या भोकातून मधासारखा एक थेंब डोकावतो. देठाशी वाकवून हलकेच ओढलं की सुटतं. पांढरा चीक आला तर एक दिवस लवकर तोडलंत. फ्रिजमध्ये जेमतेम दोन-तीन दिवस टिकतं, आमच्याकडे अगाशीवरून खाली येईपर्यंतच उरत नाही.