विंडोज ११ वरून १० वर परत : इन्स्टॉलरला डिस्कच दिसत नाही तेव्हा

विंडोज ११ टाकून दहा दिवस झाले नसतील, तर सेटिंग्ज, सिस्टीम, रिकव्हरी असं जा आणि ‘गो बॅक’ दाबा. चहा होईपर्यंत जुनी १० परत. फायली राहतात, अपग्रेडनंतर टाकलेले प्रोग्रॅम जातात. मधल्या काळात कुणी जागा करायला डिस्क क्लीनअप चालवून ‘विंडोज डॉट ओल्ड’ हे जुन्या विंडोजचं फोल्डर उडवलं असेल, तर मात्र हा रस्ता बंद. ते फोल्डर परत आणायच्या युक्त्या सांगणारे व्हिडिओ बघत रात्र घालवू नका.

दहा दिवस उलटले की पेनड्राइव्हवरून कोरी विंडोज टाकायची. दादर-परळकडच्या छापखान्यांत आणि सोसायट्यांच्या ऑफिसांत माझ्याकडे हे काम येतं, ते बहुधा डोंगलवर (यूएसबीला लावायच्या लायसन्सच्या चावीवर) चालणारं जुनं मराठी टायपिंग सॉफ्टवेअर किंवा म्हातारा प्रिंटर ११ वर रुसला म्हणून.

सुरुवात करण्याआधी लॅपटॉप कंपनीच्या सपोर्ट पानावर मॉडेल नंबर टाकून बघा. ड्रायव्हरच्या, म्हणजे विंडोजला हार्डवेअर ओळखायला लागणाऱ्या सॉफ्टवेअरच्या, यादीत विंडोज १० चं नावच नसेल, तर नाद सोडा. असेल तर डेटा बाहेर काढा, बिटलॉकरची (विंडोजच्या डिस्क-कुलुपाची) ४८ आकडी रिकव्हरी की कागदावर उतरवा, आणि मायक्रोसॉफ्टच्या मीडिया क्रिएशन टूलने किमान ८ जीबीचा पेनड्राइव्ह बनवा. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरच्या कॉम्प्युटर बाजारात पेनड्राइव्ह खुशाल घ्या. त्यात भरून मिळणारी ‘ॲक्टिव्हेटेड’ विंडोज घेऊ नका.

पेनड्राइव्हवरून बूट करा, म्हणजे मशीन सुरू होताना बूट मेनूचं बटण दाबून पेनड्राइव्ह निवडा. डेल, लेनोवोला एफ १२, एचपीला एफ ९. प्रॉडक्ट की विचारली तर ‘माझ्याकडे की नाही’ म्हणा आणि होम की प्रो, जी आधी होती तीच निवडा. नेटला जोडल्यावर बहुतेक मशीन आपोआप ॲक्टिव्हेट होतात.

आता खरी गोम. विंडोज कुठे टाकायची हे विचारणारा पडदा येतो आणि यादी रिकामी! इथे माझा पहिल्यांदा घाम निघाला होता, आणि इथेच लोक एसएसडी मेली म्हणून नवी विकत आणतात. डिस्क ठणठणीत असते. इंटेलच्या ११व्या पिढीपासूनच्या बऱ्याच लॅपटॉपमध्ये एसएसडी व्हीएमडी नावाच्या कंट्रोलरमागे असते आणि विंडोज १० च्या इन्स्टॉलरकडे त्याचा ड्रायव्हर नसतो, एवढंच.

‘बायॉसमध्ये (विंडोजच्या आधी उघडणाऱ्या मशीनच्या सेटिंग्जमध्ये) जाऊन व्हीएमडी बंद करा’ हा सल्ला सगळीकडे मिळेल. मला तो पटत नाही. बंद केल्याक्षणी डिस्कवरची चालू विंडोज ११ निळा पडदा दाखवायला लागते. ऐनवेळी आठवलं की एक फोल्डर काढायचं राहिलंय, तर पुन्हा बायॉसची वारी. शिवाय काही मॉडेलांत तो पर्यायच दिलेला नसतो.

त्यापेक्षा ड्रायव्हर द्या. कंपनीच्या त्याच पानावरून विंडोज १० साठीचा इंटेल रॅपिड स्टोरेज ड्रायव्हर उतरवा. तो ईएक्सई फाइल म्हणून येतो आणि नव्वद टक्के गोंधळ इथेच होतो : लोक ती फाइल तशीच पेनड्राइव्हवर टाकतात. इन्स्टॉलरला ती कळत नाही, त्याला आयएनएफ फाइल लागते. म्हणून दुसऱ्या कॉम्प्युटरवर ईएक्सई उघडून त्यातला ‘एक्स्ट्रॅक्ट’ पर्याय वापरा; तो नसेल तर सेव्हन-झिपने फोडून बघा. आत आयएनएफ, सिस आणि कॅट अशा शेपटांच्या फायली एकत्र असलेलं फोल्डर सापडेल. व्हीएमडी नावाचं वेगळं फोल्डर असेल तर तेच घ्या. ते अख्खं पेनड्राइव्हवर ठेवा, रिकाम्या यादीच्या पडद्यावर ‘लोड ड्रायव्हर’ दाबा आणि ‘ब्राउझ’ करून दाखवा. न जुळणारे ड्रायव्हर लपवायची खूण तशीच राहू द्या. काही सेकंदांत डिस्क यादीत उभी राहते.

पार्टिशन पुसण्याआधी आकार वाचा. या यादीत तुमचा पेनड्राइव्हही दिसतो आणि उत्साहाच्या भरात लोक तोच पुसतात. १४-१५ जीबीची (पेनड्राइव्ह ८ जीबीचा असेल तर सातेक जीबीची) ‘डिस्क’ दिसली तर हात आवरा. डेटाचं वेगळं पार्टिशन असेल तर त्याला हात लावू नका. जुन्या विंडोजची पार्टिशनं उडवा, मोकळी झालेली जागा निवडा आणि ‘नेक्स्ट’.

पुढचं आपोआप होतं. वायफाय दिसलं नाही तर अँड्रॉइड फोन केबलने जोडून यूएसबी टेदरिंग चालू करा आणि उरलेले ड्रायव्हर उतरवून घ्या.

विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. घरगुती वापरासाठी वाढीव सुरक्षा अपडेटची योजना १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतची. विंडोज अपडेटच्या पानावरून तिच्यात नाव नोंदवा. त्यासाठी विंडोज १० ची २२एच२ ही आवृत्ती लागते. नोंदणी केली नसेल तर त्या मशीनवर नेटबँकिंग नको, टायपिंग आणि छपाईपुरतं ठेवा. प्रो असेल तर ग्रुप पॉलिसीत (विंडोजचे नियम ठरवायच्या खिडकीत) टार्गेट आवृत्ती म्हणून विंडोज १० आणि २२एच२ भरून टाका, म्हणजे अपडेट पुन्हा ११ गळ्यात मारणार नाही. होमवाल्यांनी ११ ची ऑफर आली की ‘सध्या १० वरच राहा’ दाबायचं, आणि ऑफिसातल्या बाकीच्यांनाही ते बटण दाखवून ठेवायचं.