अंगावरचा फिकट चट्टा ओळखताना या चुका टाळा

मुलाच्या गालावर फिकट डाग दिसला की घरात पहिलं निदान होतं जंतांचं, दुसरं कॅल्शियमचं. बहुतेक वेळा हा डाग कोरड्या त्वचेचा असतो. कड पुसट, वर किंचित कोंडा. उन्हात भोवतालची कातडी रापते, म्हणून उन्हाळ्यात तो जास्त उठून दिसतो. साधं व्हॅसलीन नेमाने लावत राहा. डाग जायला काही महिने लागतात, तेवढा धीर मात्र धरावा लागतो.

घामाच्या दिवसांत छाती, पाठ, मानेवर येणाऱ्या शिब्याची गंमत वेगळीच. औषधाने बुरशी मरते, पण रंग भरायला आठवडे, कधी महिने जातात. 'डाग तसाच आहे' म्हणून लोक मलमं बदलत बसतात. नखाने हलकंच खरवडून बघा. पिठासारखा कोंडा निघत नसेल तर बुरशी बहुधा गेलेली असते.

कोड दुधासारखं पांढरं असतं, कड ठळक, कोंडा नाही. कधी त्यावरचे केसही पांढरे होतात. ते स्पर्शाने पसरत नाही आणि माशांवर दूध प्यायल्याने होतही नाही.

सगळ्यात महागात पडते ती चूक म्हणजे 'खाजत नाही, दुखत नाही, मग असू दे'. कुष्ठरोगाचा चट्टा फिकट किंवा तांबूस असतो आणि तो नेमका असाच गुपचूप बसतो. तिथे घाम कमी येतो, लव झडते, संवेदना मंदावते. घरी तपासताना लोक 'कळतंय का?' असं विचारतात, समोरचा बघून 'हो' म्हणतो. त्याला डोळे मिटायला सांगा. कापसाचं टोक आधी चांगल्या कातडीला, मग चट्ट्याला लावा आणि कुठे लागलं ते बोटाने दाखवायला सांगा. बोट चुकलं किंवा उठलंच नाही, तर सरकारी दवाखाना गाठा. पण चेहऱ्यावरच्या चट्ट्यात संवेदना टिकून असू शकते, तेव्हा तेवढ्यावरून निर्धास्त होऊ नका. कानाच्या पाळ्या जाड वाटल्या, हातापायांत मुंग्या येत असल्या, तरी दाखवाच. बहुविध औषधोपचार मोफत मिळतो. पाचपर्यंत चट्टे असतील तर 6 महिने, जास्त असतील तर 12. उशीर झाला तरी रोग बरा होतो, पण मेलेली नस बहुधा परत येत नाही.

राहिली मेडिकलमधून चिठ्ठीशिवाय आणलेली ट्यूब. यातल्या बऱ्याच मलमांत स्टेरॉइड असतं. गजकर्णावर ते चोळलं की खाज दोन दिवसांत थांबते, गोल कड विरते, बुरशी मात्र आतल्या आत पसरत जाते. मग डॉक्टरलाही चट्ट्याचा मूळ चेहरा दिसत नाही. काहीही लावण्याआधी दिवसाच्या उजेडात एक फोटो काढून ठेवा. आणि लावून झालंच असेल, तर दाखवायला जाताना ती ट्यूब सोबत न्या, संपलेली असली तरी.