राग ओळखायचाय? आधी सूर मोजत बसू नका
ठाण्याच्या तलावपाळीवर संध्याकाळी आमची कानसेन मंडळी जमतात, एकजण मोबाईलवर मिनिटभर आलाप लावतो आणि बाकीच्यांनी राग ओळखायचा. नवीन माणूस हमखास सूर मोजायला जातो आणि मारवा, पूरिया, सोहनीत गंडतो, कारण तिघांचे सूर तेच, कोमल (उतरलेला) रे, तीव्र (चढलेला) म आणि पंचम (प) गायब. मग बघायचं काय, तर गाणारा रेंगाळतोय कुठे. खाली मंद्रात (खालच्या सप्तकात), नि-ग धरून घुटमळत असेल तर पूरिया, रे-धवर अडून सा टाळत असेल तर मारवा (हा जरा छळतोच), वर तार षड्जाभोवती (वरच्या सप्तकातल्या सा भोवती) भिरभिरला की सोहनी. सूर सारखेच असलेल्या भूप-देशकारचंही तेच, गवर मुक्काम तर भूप, धवर तर देशकार. आणि क्लिप लावणाऱ्याने स्क्रीन उलटी धरा, नाव दिसतं राव!