चिऱ्याचं जुनं घर दुरुस्त करायचंय? आधी एक पावसाळा थांबा

आमचं घर दापोली तालुक्यात, समुद्रापासून चालत दहा मिनिटांवर. आजेसासऱ्यांच्या वडिलांनी बांधलेलं. चिऱ्याच्या, म्हणजे जांभ्या दगडाच्या भिंती, सांध्यात माती, वर मंगलोरी कौलं. पुढे पडवी, मग ओटी, माजघर, देवघर, स्वयंपाकघर आणि मागे न्हाणी. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ आलं तेव्हा आम्ही डोंबिवलीत, लॉकडाउनमध्ये दार लावून बसलेलो. शेजारच्या वहिनींचा फोन चौथ्या दिवशी लागला. "माड पडलाय स्वयंपाकघरावर. पश्चिमेचं पाखं पार उघडं झालंय. देवघर तेवढं वाचलं हो." पाखं म्हणजे छपराची एक उतरती बाजू.

आम्ही पोचलो तोवर पाऊस लागलेला. ताडपत्री बांधण्यापलीकडे हातात काही नव्हतं. जो तो सांगत होता, पाडून टाका, स्लॅब घाला. नाहीतर पत्रे तरी टाका, कौलांचा व्याप हवाय कुणाला? पण दिवाळीपर्यंत माणूस मिळणार नव्हता, माल मिळणार नव्हता. त्या सक्तीच्या चार महिन्यांत मला जे कळलं ते आधी सांगते, कारण नंतरचा सगळा खर्च त्यावरच ठरला.

एक वही घ्या आणि भर पावसात निदान आठ-दहा दिवस त्या घरात राहा. पाणी कुठे ठिबकतं ते लिहा, पण तिथलंच कौल फुटलंय असं समजू नका. वर एका जागी शिरलेलं पाणी वाशाच्या पोटावरून तीन-चार हात खाली ओघळत येतं आणि मग टपकतं. बॅटरी मारून ओली रेघ वरपर्यंत बघायची आणि वाशावर खडूने खूण करायची. भिंतीची ओल कुठवर चढलीय तिथे पेन्सिलीने रेघ मारून तारीख घाला. पागोळ्या नेमक्या कुठे पडतात, पडलेलं पाणी घरापासून लांब जातं की जोत्याशी तळं करतं, हे छत्री घेऊन बाहेर उभं राहून बघा. सगळ्यांत जास्त मला हेच बघून कळलं.

माजघराची मागची भिंत कंबरेपर्यंत ओली होती. आम्ही सगळे कौलांना दोष देत होतो. सासूबाई सांगायच्या, मागच्या दाराला तीन पायऱ्या होत्या. मी मोजल्या तर दीडच भरली. म्हणजे पायऱ्या कुठे गेल्या नव्हत्या, परस वर आलं होतं. दरवर्षी थोडी माती, थोडा पालापाचोळा, आणि कधीतरी भांडी घासायला सोयीचं म्हणून घातलेला सिमेंटचा कोबा, त्याचाही उतार घराकडे! जोतं निम्मं जमिनीत गेलेलं आणि भिंत चार महिने पाणी पीत बसलेली. नोव्हेंबरात पहिलं काम केलं ते हेच. कोबा फोडला, माती काढली, तिसरी पायरी सापडली. भिंतीपासून दोन हात रुंदीची पट्टी उघडी ठेवली आणि पाण्याला गडग्याकडे, म्हणजे कुंपणाच्या दगडी बांधाकडे, वाट काढून दिली. दोन गड्यांचं चार दिवसांचं काम. अख्ख्या दुरुस्तीत सगळ्यांत स्वस्त हेच पडलं आणि फरकही सगळ्यांत जास्त यानेच पडला. पुढच्या पावसाळ्यात पेन्सिलीची रेघ वीतभर खाली आली होती.

सिमेंटाचं काय करायचं

सासऱ्यांनी कधीतरी त्याच भिंतीला आतून कंबरेएवढं सिमेंटचं प्लास्टर करून घेतलं होतं, ओल दिसू नये म्हणून. काही दिवस दिसली नाही. मग सिमेंटाच्या वरच्या कडेपासून पुढे दिसायला लागली. चिरा सच्छिद्र दगड आहे. जमिनीतलं पाणी तो वर ओढतो, आणि मातीच्या सांध्यांतून, चुन्याच्या गिलाव्यातून ते पाणी हवेत उडूनही जातं. सिमेंटने ती वाट बंद केली की पाणी वर चढत राहतं. त्यासोबत क्षार येतात, वाळताना फुगतात, तोच आपला लोणा. आम्ही प्लास्टर काढायला घेतलं तेव्हा ते पाटाएवढ्या तुकड्यांत निघालं आणि प्रत्येक तुकड्याच्या पाठीला लाल भुकटी चिकटलेली. ती भुकटी म्हणजे आमची भिंत होती.

जांभा खाणीत मऊ असतो, हवा लागली की कडक होतो. फ्रान्सिस बुकॅनन या इंग्रजांच्या नोकरीतल्या माणसाने मलबारात हे बघून १८०७ साली छापलेल्या पुस्तकात त्याला लॅटेराइट नाव दिलं, लॅटिनमध्ये 'लेटर' म्हणजे वीट. आपल्या कामाचा मुद्दा असा की जुन्या चिऱ्याची बाहेरची साल वर्षानुवर्षं कडक झालेली असते. ती ग्राइंडरने घासून 'नवा दगड काढतो' म्हणणाऱ्याला चहा पाजा आणि घरी पाठवा. अॅसिडने धुणंही नको.

सिमेंट काढायचं ते हाताने, छिन्नी आडवी धरून, सुटलेल्या कडेपासून. जिथे घट्ट धरून बसलंय तिथे हट्ट करू नका. दगड सोलण्यापेक्षा तेवढा तुकडा राहिलेला बरा. मग भिंत उघडी ठेवा. आम्ही नोव्हेंबर ते फेब्रुवारी तशीच ठेवली. पाहुणे नाकं मुरडत होते.

सांधा मातीचा की चुन्याचा, हे कळायला त्यातला खडा काढून पेलाभर पाण्यात टाका. माती तासाभरात विरघळून गाळ होते, चुना बसून राहतो. ज्याने बांधलंय त्यानेच भरायचं. मातीच्या सांध्यांना तीच लाल माती चाळून, भाताचं तूस घालून, तीन-चार दिवस भिजवून तुडवायची.

गिलाव्याला चुना. कळीचा चुना खड्ड्यात किंवा पिंपात पाण्यात विरवायचा. चुन्यावर पाणी ओतायचं नाही, पाण्यात चुना सोडायचा, लांब उभं राहून, डोळ्यांना चष्मा लावून. खदखदा उकळतो आणि उडतो. पोरंबाळं आसपास नकोत. निवल्यावर गाळून घ्यायचा आणि वर चार बोटं पाणी राहील असा निदान तीन आठवडे मुरवायचा, जास्त मुरला तर उत्तमच. एक भाग चुना, तीन भाग नदीची धुतलेली वाळू. किनाऱ्यावरची वाळू फुकट मिळते म्हणून मोह होतो, पण तिच्यातलं मीठ भिंतीत गेलं की पुन्हा लोणा. गूळ, हिरडा, बेलफळ घालायचे म्हणतात. आमच्या गवंडीमामांनी गुळाचं पाणी घातलं, तेही बेताने.

पहिला हात आम्ही पश्चिमेच्या भिंतीवर भर दुपारी दिला आणि संध्याकाळपर्यंत त्यावर केसासारख्या भेगांची जाळी उमटली. मामा काही बोलले नाहीत, थापीने सगळं उतरवायला लागले. चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन सावकाश दगड होतो आणि त्यासाठी त्याला ओल लागते. उन्हाने पाणी आधीच उडालं की संपलं. दुसऱ्या खेपेला ऊन उतरल्यावर काम, आधी भिंत भिजवून घेतलेली, थर बोटभरापेक्षा पातळ, वर ओली गोणपाटं, आणि आठ-दहा दिवस सकाळ-संध्याकाळ पाणी शिंपडणं. तो वाळला की पुढचा थर. सिमेंटच्या घाईची सवय असलेल्या गवंड्याला हे जमत नाही, म्हणून चुन्याचं काम केलेला माणूस आधी शोधा, मग तारखा ठरवा. रंगालाही चुन्याचीच सफेदी. ऑइलपेंट आणि प्लास्टिक पेंट म्हणजे सिमेंटासारखाच भिंतीला पुन्हा रेनकोट.

कौलं

मंगळूरला बासेल मिशनने १८६५ साली कारखाना काढला तेव्हापासून ही एकमेकांत अडकणारी कौलं पश्चिम किनाऱ्यावर पसरली. त्याआधी सगळी नळीची. आपल्या घरचं एक कौल उलटं करून बघा, पोटाला कारखान्याचं नाव सापडेल. ही हौस नाही, उपयोगाची माहिती आहे. दोन कारखान्यांच्या कौलांच्या खाचा एकमेकांत नीट बसत नाहीत. एका ओळीत मिसळली तर वारा नि पाणी दोन्ही आत येणार. मी पिशवीत एक कौल घेऊन तीन गावं फिरले. वादळानंतर कितीतरी घरांवर पत्रे चढत होते आणि उतरवलेली कौलं गडग्याला रचून पडली होती, तिथे आमच्यासारखीच सातशे मिळाली. घेताना प्रत्येक कौल हातावर तोलून बोटाच्या पेराने टिचकी मारायची. खणखणलं तर घ्या, भद्द वाजलं तर त्याला न दिसणारी चीर आहे. ब्रासला, म्हणजे शंभर चौरस फुटांना, तुटफूट धरून दीडशेचा हिशोब ठेवा.

उतरवताना एका पाख्याची सगळी एकदम उतरवू नका. दोन्ही बाजूंनी सारखी उतरवा, नाहीतर छपराचा तोल एकीकडे जातो. आणि हे काम दिवाळीनंतरच काढा, मेच्या मध्याच्या आत संपवा. ७ जूनच्या भरवशावर राहू नका. २०२१ साली तौक्ते वादळ १६-१७ मेलाच आलं होतं. आमची पश्चिमेची कौलं तेव्हा जागची हलली नाहीत, कारण वळचणीकडच्या तीन ओळी आणि आढ्यालगतची एक ओळ तारेने रिपांना, म्हणजे कौलांखालच्या आडव्या पट्ट्यांना, बांधली होती. बऱ्याच कौलांच्या पोटाला त्यासाठीच भोक असतं. तार तांब्याची किंवा स्टेनलेस स्टीलची घ्या, साधी लोखंडी तार खाऱ्या वाऱ्यात दोन पावसाळ्यांत गळून जाते. आढ्यावरचे कोने, म्हणजे आढं झाकणारी कौलं, चुन्यात बसवले. वानरांवर मात्र उपाय नाही. जास्तीची शंभर कौलं मागच्या पडवीत ठेवलीत, एवढाच.

लाकडाला दाभण लावून बघा. वासे आणि तुळया मधे क्वचितच कुजतात, कुजतात ती भिंतीत गेलेली टोकं. दाभण अर्धा इंच सहज शिरलं तर तेवढं टोक गेलं समजा. पण त्यासाठी अख्खी तुळई बदलायची नसते. आमच्या सुतारभाऊंनी खाली टेकू देऊन कुजका हातभर भाग कापला, जुन्या सागाचा तेवढाच तुकडा तिरक्या सांध्याने जोडला आणि भिंतीतल्या टोकाभोवती हवेला बोटभर जागा सोडली. खांब तळखड्यावर, म्हणजे खालच्या दगडावर, उभे आहेत ना, की कुणी फरशी घालताना तळखडा बुजवून लाकूड जमिनीला टेकवलंय, हे बघा. वाळवीला तेवढाच रस्ता पुरतो. नव्या लाकडाला आम्ही काजूच्या टरफलाचं तेल दोन हात दिलं. हातमोजे घाला. मी नाही घातले, दोन्ही मनगटांची कातडी सोलवटून निघाली, आठवडाभर भाजल्यासारखी आग होत होती.

बाकीचं थोडक्यात. वायरिंग लाकडी पट्टीवरून, भिंतीला झिरी मारून नको. नवं बाथरूम जुन्या भिंतीला टेकवून नको, आमचं परसात वेगळं आहे. पावसात चार पावलं भिजत जावं लागतं म्हणून मुलं कुरकुरतात, कुरकुरू देत. कामाला हात लावण्याआधी ग्रामपंचायतीतून नमुना ८ चा, म्हणजे घराच्या नोंदीचा, उतारा काढा आणि त्यावर ज्यांची ज्यांची नावं आहेत त्या चुलतदिरांची लेखी संमती घ्या, कामाला सुरुवात झाल्यावर नाती आठवणारी माणसं फार असतात. घर केंद्राच्या संरक्षित किल्ल्यापासून वा देवळापासून १०० मीटरच्या आत किंवा त्यापुढच्या २०० मीटरच्या टप्प्यात असेल, तर दुरुस्तीलाही परवानगी लागते.

एक गोष्ट आम्हाला उशिरा उमगली. पूर्वी चुलीचा धूर रोज कौलांतून बाहेर पडायचा, वासे काळे नि कोरडे राहायचे, किडा लागत नसे. आता गॅस आहे आणि घर वर्षातले दहा महिने बंद. आत कोंडलेली दमट हवा वादळापेक्षा जास्त लाकूड खाते. म्हणून किल्ली वहिनींकडे असते. दर सोमवारी त्या खिडक्या उघडतात, महिन्यातून दोनदा चुलीत नारळाच्या सोडणांचा धूर करतात. आम्ही त्यांना त्याचे पैसे देतो आणि त्या घेतात, हे आधीच स्पष्ट बोलून घेतलं. वही देवघराच्या दाराशी खिळ्याला टांगलेली आहे. मागच्या श्रावणातली त्यांच्या अक्षरातली नोंद अशी: "ओटीवर तिसऱ्या वाशाला थेंब. वानराने कौल सरकवलं होतं. शेजारच्या पोराला चढवून बसवलं. कौलं आता ९४."