बोली वाचवायला निधी मागताय? मग या चुका टाळा

निहाली, कोरकू, कोलामी अशा बोलींसाठी काम करणाऱ्या लहान गटांचे निधीचे अर्ज मी बरीच वर्षं तपासून देतो. दर वर्षी तीच रड.

सगळ्यात जास्त डोकं फिरवणारी चूक म्हणजे भाषा बोलणारं माणूस अंदाजपत्रकात नसतंच. कॅमेरा असतो, लॅपटॉप असतो, पुण्याहून येणाऱ्या तज्ज्ञांचं मानधन असतं, गाडीचं डिझेल आणि उद्घाटनाचा मंडपही असतो. जिच्या तोंडून भाषा यायची, त्या आजीच्या नावापुढे काय, तर ‘सत्कार, शाल-श्रीफळ’.

सातपुड्याच्या पायथ्याच्या एका गटाला कंपनीचा सीएसआर निधी, म्हणजे कंपन्या सामाजिक कामासाठी देतात तो पैसा, मिळाला होता. काम शब्दकोशाच्या ॲपचं. गावातल्या दोन आज्या शब्द सांगायला बसायच्या. दिवाळीनंतर कापूस वेचणी लागली आणि दोघी यायच्या बंद झाल्या. गटातल्या मुलाचा मला फोन. “सर, लोकांनाच आपल्या भाषेचं काही पडलेलं नाही.”

“त्यांना रोज किती देता?”

“रोज? पैशाचं काढलं तर वाईट वाटेल त्यांना.”

“विचारलंत का?”

नव्हतं विचारलं. वेचणीला किलोमागे पैसे मिळतात. काटा झाला की हिशेब हातात. त्यापुढे शाल घेऊन कोण बसेल? शेवटी पोरांनी उरलेले शब्द एका जुन्या यादीतून उचलले आणि मार्चअखेर ॲप काढलं. देखभालीला पैसे ठेवलेच नव्हते, त्यामुळे नव्या फोनवर ते उघडेनासं झालं. डेव्हलपरचं बिल मात्र पूर्ण चुकतं झालं होतं.

मी आता अंदाजपत्रकाच्या पहिल्या ओळीत वक्त्यांचं, म्हणजे भाषा बोलणाऱ्यांचं, मानधन लिहायला लावतो. ताशी, आणि त्या हंगामातल्या मजुरीपेक्षा कमी नाही. उरलं तर कॅमेरा. कॅलिफोर्नियातल्या आदिवासींच्या संस्थेने १९९२ पासून म्हातारा वक्ता आणि शिकणारा तरुण अशा जोड्या लावल्या, त्यात दोघांनाही मानधन होतं. आजीचं जनधन खातं चालू आहे का, आधारला अंगठा लागतो का, हे अर्ज करण्याआधी बँकेत जाऊन बघा. रोख द्यायची वेळ आली तर व्हाउचरवर अंगठा घ्या, आणि रक्कम पाच हजारांवर असेल तर एक रुपयाचं रेव्हेन्यू तिकीट लावा. ऑडिटर नेमकं तेवढंच बघतो.

दुसरं दुखणं परदेशी पैशाचं. इंटरनेटवर अनुदानाची जाहिरात दिसली की उतावळी पोरं रात्रीतून अर्ज ठोकतात. एफसीआरए, म्हणजे परदेशी देणग्यांच्या कायद्याखालची नोंदणी किंवा सरकारची पूर्वपरवानगी नसेल तर संस्थेला तो पैसा घेताच येत नाही. नोंदणीसाठी तीन वर्षं जुनी संस्था आणि त्या काळात कामावर झालेला किमान १५ लाखांचा खर्च लागतो. मग कुणीतरी शॉर्टकट सुचवतो, “ओळखीच्या संस्थेच्या खात्यात घेऊ, ते आपल्याला देतील.” २०२० च्या दुरुस्तीनंतर असा पैसा दुसऱ्या संस्थेकडे वळवायला बंदी आहे. तुमच्यापायी त्या बिचाऱ्यांची नोंदणी जायची. शिवाय जाहिरात नीट वाचा. ईएलडीपीसारखे (धोक्यातल्या भाषांची नोंद करणारा परदेशी कार्यक्रम) मोठे निधी दस्तऐवजीकरणाला पैसे देतात, मुलांच्या वर्गांना नाही. बालवाडीचा अर्ज तिकडे पाठवलात तर वर्ष पाण्यात.

सीएसआरवाल्यांकडे ‘भाषा संवर्धन’ म्हणून गेलात की ते कंपनी कायद्याची सातवी अनुसूची उघडतात आणि त्यात भाषेचा वेगळा रकाना सापडत नाही. शिक्षणाखाली मांडा. २०२० च्या शैक्षणिक धोरणात शक्य तिथे किमान पाचवीपर्यंत घरच्या भाषेतून शिकवा असं लिहिलेलंच आहे, ते वाक्य जोडा. आणि हो, सीएसआर-१ क्रमांक, म्हणजे सीएसआरचा पैसा घ्यायला लागणारी संस्थेची नोंदणी, आधी काढून ठेवा.

जनगणनेचा आकडा मागितला तर गडबडू नका. दहा हजारांखालच्या भाषा १९७१ पासून वेगळ्या छापत नाहीत, म्हणून निहाली तिथे दिसत नाही. गावनिहाय यादी स्वतः करा.

‘शेवटचा वक्ता’ असली मथळेबाजी अर्जात नको. गावात बोलणारे असताना तसं लिहिलंत तर लोक तोंडावर हसतील.

ध्वनिमुद्रणावर हक्क कुणाचा, हे ग्रामसभेच्या ठरावात आधीच लिहून घ्या.

वेळापत्रक गावाकडे बघून करा. मेळघाटातली कोरकू कुटुंबं कामाला बाहेर पडतात आणि होळीला काहीही करून घरी येतात. जानेवारीत शिबिर ठेवून ‘प्रतिसाद नाही’ म्हणणाऱ्यांना काय सांगायचं!

पहिल्या हप्त्याचं उपयोगिता प्रमाणपत्र, म्हणजे पैसे ठरल्या कामावरच खर्च झाल्याचा दाखला, गेल्याशिवाय दुसरा हप्ता येत नाही. बिलं ज्या त्या आठवड्यात फाइलला लावा. मार्चच्या शेवटच्या आठवड्यात सीएला फोन लावू नका, तो उचलत नाही.