नागपूरच्या उन्हाळ्यात 4×5 इंची शीट फिल्म (सुट्या तुकड्यांची कॅमेरा फिल्म) धुताना

मे महिन्यात गच्चीवरच्या टाकीचं पाणी नळातून चटका देतं, ते वापरूच नका. आदल्या रात्री बादली भरून ठेवा, सकाळी बर्फाच्या बंद पिशव्या सोडून पाणी 24 अंशांवर आणा. नेहमीच्या 20 अंशांचा हट्ट नको. डेव्हलपर (चित्र उमटवणारं रसायन), फिक्सर (ते पक्कं करणारं), धुण्याचं पाणी, सगळं सारख्याच तापमानाला ठेवणं जास्त मोलाचं. मोठी तफावत पडली की इमल्शनला, म्हणजे फिल्मवरच्या प्रकाशसंवेदी थराला, सुरकुत्या येतात.

फिल्म धुण्याच्या बंद टाकीत भरायला पूर्ण अंधार हवाच. चेंजिंग बॅगेत (हात घालून काम करायच्या काळ्या पिशवीत) घामाचे ठसे उमटतात, म्हणून पहाटे भरा. शीट उभी धरून कडेच्या खाचा वर उजवीकडे बोटाला लागल्या, तर इमल्शन तुमच्याकडे आहे.

चार शीटच्या एसपी-445 टाकीला 475 मिली द्रावण लागतं: डी-76 डेव्हलपर आणि पाणी निम्मं-निम्मं. एचपी5 प्लस फिल्मला 20 अंशांवर 11 मिनिटं, 24 वर सुमारे 8. पाच मिनिटांखाली जाऊ नका, फोटोतल्या आकाशात डाग पडतात. टाकी हळुवार उलटी करा. जोरात हलवली तर कडा गडद होतात.

वाळवायला न्हाणीघरच बरं. कूलरसमोर टांगलेल्या फिल्मवर धूळ कायमची चिकटते.